नुसतं ‘विल्सन’ लिहून भागणार नाही

महाबळेश्वरला विल्सन पॉइंट आहे, भंडारदऱ्याला विल्सन धरण आहे आणि गिरगाव चौपाटीसमोर विल्सन कॉलेज आहे. तिन्हीकडे नाव एवढंच, आडनावापुरतं. त्यामुळे सहलीच्या माहितीपत्रकांत आणि भटकंतीच्या व्हिडिओंत सर्रास असा समज दिसतो की कोणी एक विल्सनसाहेब होता, त्यानं कॉलेज काढलं, धरण बांधलं आणि सूर्योदय बघायला टेकडीही निवडली. ही माणसं दोन आहेत. कॉलेजचे विल्सन म्हणजे रेव्हरंड डॉ. जॉन विल्सन. १८०४ साली स्कॉटलंडमधल्या लॉडर गावी जन्मलेले मिशनरी १८२९ मध्ये मुंबईत आले आणि १८७५ च्या डिसेंबरात मुंबईतच वारले. धरणाचे आणि पॉइंटचे विल्सन म्हणजे सर लेस्ली ऑर्म विल्सन, मुंबईचे गव्हर्नर. त्यांचा जन्म ऑगस्ट १८७६ चा. पहिले गेले तेव्हा दुसरे जन्मलेलेही नव्हते.

हा फरक माहीत असणं म्हणजे प्रश्नमंजूषेतला एक गुण मिळवणं, असं कोणी म्हणेल. मला ते मान्य नाही. आपल्याकडच्या शिक्षणाचा, महसुलाचा, भाषेचा आणि पाटबंधाऱ्यांचा एकोणिसाव्या-विसाव्या शतकातला इतिहास मोठ्या प्रमाणावर इंग्रजी आडनावांखाली नोंदलेला आहे. ती आडनावं मराठीत आणताना आपण पुढचं-मागचं सगळं गाळतो आणि मग कोणी काय केलं याचा हिशेबच लागत नाही. माझं म्हणणं साधं आहे: पाटी असो, पाठ्यपुस्तक असो, शोधनिबंध असो की बातमी, इंग्रज माणसाचा पहिला उल्लेख पूर्ण नाव, जन्म-मृत्यूची वर्षं आणि एका शब्दात काम, एवढ्यासकट झाला पाहिजे. आणि एखाद्या सार्वजनिक जागेचं नाव ठेवायचं, बदलायचं की काढायचं, ही चर्चा सुरू होण्याआधी ते नाव कुणाचं हे कागदोपत्री निश्चित झालं पाहिजे.

विल्सन हे आडनाव यासाठी चांगली कसोटी आहे, कारण ते इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये इतकं पसरलेलं आहे की त्यावरून गाव, घराणं, धंदा काहीच कळत नाही. आपल्याला चिपळूणकर म्हटलं की निदान मूळ गाव सापडतं. विल्सनवरून काही सापडत नाही.

सगळ्यात मोठा घोटाळा मात्र कॉलेज आणि धरणाचा नाही. तो आहे दोन विद्वानांचा. जॉन विल्सन मुंबईत काम करत होते त्याच काळात दुसरे एक विल्सन संस्कृतच्या अभ्यासात नाव गाजवत होते: होरेस हेमन विल्सन, १७८६ ते १८६०. हे १८०८ साली ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर म्हणून कलकत्त्याला आले, टांकसाळीत लागले, एशियाटिक सोसायटीचे चिटणीस झाले, १८१९ मध्ये त्यांनी संस्कृत-इंग्रजी कोश काढला आणि १८३२ मध्ये ऑक्सफर्डच्या बोडन अध्यासनावर संस्कृतचे पहिले प्राध्यापक म्हणून निवडून आले. ज्या जोसेफ बोडन यांच्या देणगीवर हे अध्यासन उभं राहिलं ते मुंबईच्या देशी पायदळातले अधिकारी होते. आता त्याच १८३२ साली जॉन विल्सन यांनी मुंबईत आंब्रोळीची इंग्रजी शाळा सुरू केली, जिचं पुढे विल्सन कॉलेज झालं. म्हणजे ‘विल्सन, १८३२’ एवढ्यावरून काहीही ठरत नाही.

गिरनारच्या शिलालेखाचं उदाहरण घ्या. जॉन विल्सन यांनी १८३५ च्या सुमारास गिरनार पाहिला आणि तिथल्या अशोकाच्या लेखाचा ठसा कापडावर घेण्याची व्यवस्था करून तो कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे पोहोचवला. प्रिन्सेपने तो ब्राह्मी लेख वाचला ही गोष्ट शाळेत सगळे शिकतात. हाच प्रिन्सेप कलकत्त्याला टांकसाळीत आणि सोसायटीत ज्यांच्या जागी आला ते होरेस हेमन विल्सन. पुढे १८५० मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात गिरनार, धौली आणि कपूरदीगिरी इथल्या लेखांवर एक प्रदीर्घ निबंध आला. त्याचे लेखक होरेस विल्सन. त्यांना या लेखांतला पियदसी नावाचा राजा म्हणजे अशोकच, याबद्दल दाट शंका होती. आता एखाद्या मराठी लेखात ‘गिरनारच्या लेखाबद्दल विल्सन यांनी शंका घेतली’ असं वाक्य आलं, तर वाचक काय समजेल? मुंबईचा मिशनरी आठवेल, कारण महाराष्ट्रात तोच ओळखीचा. आणि ज्यानं धडपडून ठसा पाठवला त्याच्याच नावावर ती शंका जमा होईल.

मराठी भाषेच्या अभ्यासात याहून जवळची टक्कर आहे. होरेस विल्सन यांनी १८५५ मध्ये न्यायालयीन आणि महसुली शब्दांचा मोठा कोश काढला. त्यात वतन, इनाम, कुळकर्ण, पाटीलकी अशा शब्दांच्या नोंदी मराठी रूपांसह आहेत. जमिनीच्या जुन्या वादांवर लिहिणारे वकील आणि इतिहासाचे अभ्यासक त्याचा अजूनही दाखला देतात. दोनच वर्षांनी, १८५७ मध्ये, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्या सुरुवातीला मराठीची घडण, प्रसार आणि उपयोग यांवर एक टिपण आहे. ते जॉन विल्सन यांचं. एक कोशकार ऑक्सफर्डमध्ये बसून कंपनीच्या कचेऱ्यांतून आलेल्या यादींवरून लिहितो आहे, दुसरा पंचवीसहून अधिक वर्षं मुंबईत राहून, मराठीत वाद घालून, मराठीत छापून लिहितो आहे. मराठी शब्दाबद्दल या दोघांच्या साक्षीचं वजन एकच कसं धरायचं? ‘विल्सनच्या मते’ असं लिहिलं की ते एकच धरलं जातं.

इथे एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. मूळ इंग्रजी कागदात हा गोंधळ इतका होत नाही, कारण तिथे नावाआधीची उपाधी सुटत नाही. ‘रेव्हरंड डॉ. विल्सन’ म्हणजे जॉन. ‘प्रोफेसर विल्सन’ म्हणजे होरेस. आणि १८५९-६० च्या कागदांत ‘राइट ऑनरेबल मिस्टर विल्सन’ दिसले तर ते तिसरेच, जेम्स विल्सन. मराठीत भाषांतर करताना आपण तिघांचं ‘विल्सनसाहेब’ करून टाकतो, किंवा आधुनिक शैलीत साहेबही काढून नुसतं विल्सन ठेवतो. ओळख पटवणारा एकमेव धागा भाषांतरकाराच्या हातून तुटतो. म्हणून भाषांतराचा पहिला नियम हाच असावा: उपाधी गाळायची असेल तर तिच्या जागी पूर्ण नाव घाला, दोन्ही गाळू नका.

हे जेम्स विल्सन कोण, हेही सांगायला हवं, कारण त्यांच्या कामाची झळ आपल्या प्रत्येकाच्या खिशाला लागते. १८०५ साली हॉइक गावी जन्म. लॉडर आणि हॉइक दोन्ही स्कॉटलंडच्या सीमाभागातली, आणि जन्मवर्षांत एका वर्षाचा फरक. त्यांनी १८४३ मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’ हे नियतकालिक काढलं, चार्टर्ड बँक स्थापन करण्यात पुढाकार घेतला (१८५३, आजच्या स्टँडर्ड चार्टर्डचा एक भाग), आणि १८५७ च्या उठावानंतर रिकामी झालेली सरकारी तिजोरी सावरण्यासाठी ते व्हाइसरॉयच्या मंडळाचे अर्थ-सदस्य म्हणून कलकत्त्याला आले. फेब्रुवारी १८६० मध्ये त्यांनी अर्थसंकल्प मांडला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये हिंदुस्थानात प्राप्तिकर लागू झाला. प्राप्तिकर खातं २४ जुलैला आपला दिवस पाळतं तो त्यामुळे. जेम्स विल्सन ११ ऑगस्ट १८६० ला कलकत्त्याला आमांशाने वारले. त्याच वर्षी मे महिन्यात लंडनला होरेस विल्सन वारले होते. ‘१८६० साली विल्सन यांचं निधन झालं’ या वाक्यात दोन माणसं बसतात. आणि १८६० च्या कागदावर ‘जे. विल्सन’ अशी सही असेल तर ती मुंबईच्या जॉनची की कलकत्त्याच्या जेम्सची, हे कागद कुठून निघाला त्यावरून ठरवावं लागतं. आद्याक्षर पुरत नाही ते यासाठी.

पूर्ण नावही दर वेळी पुरतं असं नाही. गणिताच्या पुस्तकात विल्सनचा सिद्धान्त असतो: कुठलीही मूळ संख्या घ्या, तिच्याहून एकानं लहान संख्येचा क्रमगुणित (एकपासून तिथपर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार) काढा, त्यात एक मिळवा, उत्तराला त्या मूळ संख्येनं पूर्ण भाग जातो. ७ घ्या. ६ चा क्रमगुणित ७२०, एक मिळवून ७२१, आणि ७२१ म्हणजे ७ गुणिले १०३. संख्या मूळ नसेल तर हे जमत नाही. हा सिद्धान्त ज्यांच्या नावावर आहे तेही जॉन विल्सनच, पण १७४१ ते १७९३ या काळातले इंग्रज गणिती, जे पुढे न्यायाधीश झाले. त्यांनी तो सिद्ध केला नव्हता. सिद्धता १७७१ मध्ये लाग्रांजनं दिली, आणि हा गुणधर्म त्याच्या कितीतरी शतकं आधी इब्न अल-हैथमला ठाऊक होता. तेव्हा ‘जॉन विल्सन’ लिहिलं तरी वर्षं लागतातच. ग्रंथालयांची शिस्त पाहा: जगातली मोठी ग्रंथालयं लेखकाची नोंद ‘विल्सन, जॉन, १८०४-१८७५’ अशी करतात, वर्षांसकट. आपल्या कितीतरी सार्वजनिक वाचनालयांत कार्डावर ‘विल्सन, जॉन’ एवढंच असतं, आणि संगणकीकरण करताना तीच अर्धी नोंद पुढे जाते. त्यात विल्सन, विलसन, विल्सन्‌ अशा तीन लेखनपद्धती. शोधायला बसलेल्याला एका लेखनाखाली चार पुस्तकं मिळतात, दुसऱ्याखाली एकही नाही, आणि ग्रंथ वाचनालयात नाहीच असं समजून तो परत जातो. उपाय कठीण नाही. एक लेखन प्रमाण ठरवायचं, बाकीची त्याकडे वळवायची, आणि वर्षं लिहायची. रोमन लिपीतलं मूळ नाव नोंदीत वेगळ्या रकान्यात असलं तर पुढच्या प्रत्येक दुरुस्तीला आधार राहतो.

भौतिकशास्त्रात तीन विल्सन नोबेलचे मानकरी आहेत: बाष्पकोष्ठासाठी १९२७ मध्ये सी. टी. आर. विल्सन, विश्वातल्या सूक्ष्मलहरींच्या पार्श्वभूमीसाठी १९७८ मध्ये रॉबर्ट वुड्रो विल्सन, आणि १९८२ मध्ये केनेथ विल्सन. फर्मीलॅबचे पहिले संचालक रॉबर्ट रॅथबन विल्सन आणखी वेगळे. ज्या माउंट विल्सन वेधशाळेतून हबलनं दीर्घिका मोजल्या तो डोंगर मात्र लॉस एंजेलिसजवळच्या बेंजामिन विल्सन यांच्या नावाचा, त्याचा कुठल्याही भौतिकशास्त्रज्ञाशी संबंध नाही. टेनिसच्या रॅकेटवरचं विल्सन शिकागोतल्या मांसप्रक्रियेच्या धंद्यातले थॉमस ई. विल्सन यांचं. पावसाळ्यात अरबी समुद्रावर दिसणारा विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल हा चिमुकला समुद्रपक्षी पेझलीहून अमेरिकेत गेलेल्या अलेक्झांडर विल्सन यांच्या नावाचा. इथे गोंधळ झाला तर फार बिघडत नाही, एवढंच समाधान.

बिघडतं ते दवाखान्यात. विल्सनचा आजार हा यकृत आणि मेंदूत तांबं साचण्याचा आनुवंशिक आजार आहे. सॅम्युएल अलेक्झांडर किनिअर विल्सन यांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं. तेराव्या गुणसूत्रावरचं एटीपी-७-बी हे जनुक दोन्ही पालकांकडून सदोष आलं तरच तो होतो, म्हणून नात्यात लग्नं होतात तिथे विशेष लक्ष ठेवावं लागतं, आणि एका मुलात आढळला तर भावंडांचीही तपासणी करावीच लागते. रक्तातलं सेरुलोप्लाझमिन हे तांबं वाहून नेणारं प्रथिन कमी येणं, २४ तासांच्या लघवीत १०० मायक्रोग्रॅमहून जास्त तांबं सापडणं, नेत्रतज्ज्ञाच्या स्लिट लॅम्पखाली बुबुळाच्या कडेला तपकिरी-सोनेरी कडं दिसणं, या खुणा एकत्र पाहून निदान होतं. पेनिसिलामिन, ट्रायेन्टिन किंवा जस्ताचे क्षार आयुष्यभर घ्यावे लागतात. औषध मनानं बंद केलं तर यकृत झपाट्यानं निकामी होऊन जीव जाऊ शकतो. आता इंटरनेटवर ‘विल्सन सिंड्रोम’ असा शोध घेतला की एक वेगळीच गोष्ट समोर येते. ती ई. डेनिस विल्सन नावाच्या अमेरिकी डॉक्टरनं मांडलेली कल्पना आहे: शरीराचं तापमान किंचित कमी, थकवा, आणि त्यावर थायरॉइडचं टी-३ संप्रेरक. थायरॉइडच्या तज्ज्ञांची अमेरिकी संघटना तिला आजार म्हणून मान्यता देत नाही. मराठीत आजार, विकार, सिंड्रोम, रोग हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो, त्यामुळे दोन्हींचं एकच ‘विल्सनचा विकार’ होतं. हातात विल्सनच्या आजाराचा अहवाल असलेल्या मुलाचे आईवडील भलत्याच उपचारांची माहिती वाचत बसतात. आरोग्याविषयी मराठीत लिहिणाऱ्यांनी इथे आडनावाच्या जोडीला ‘तांबं साचण्याचा आजार’ एवढे तीन शब्द प्रत्येक वेळी लिहिलेच पाहिजेत. निष्काळजीपणाला इथे जागा नाही.

परत धरणाकडे येतो. भंडारदऱ्याचं विल्सन धरण प्रवरा नदीवर, अकोले तालुक्यात. काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. दगडी बांधकाम, उंची ८२ मीटरच्या वर. अमेरिकेत अलाबामा राज्यात टेनेसी नदीवरही एक विल्सन धरण आहे, १९१८ मध्ये काम सुरू होऊन १९२४ मध्ये पुरं झालेलं. ते राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या नावाचं. दोन धरणं, एकच नाव, पुरं होण्यात दोन वर्षांचं अंतर. नावावरून छायाचित्र किंवा आकडे शोधणाऱ्याला कुठलं धरण हाती लागेल याची खात्री नाही. ओळखायची खूण सोपी आहे. अलाबामाचं धरण बुटकं आणि लांबच लांब, उंची साधारण ४२ मीटर, रुंद नदीवर पसरलेलं, जहाजं वर-खाली नेण्यासाठी जलपाश (लॉक) असलेलं. भंडारदऱ्याचं धरण अरुंद दरीत उभं, खाली विसर्गाच्या वेळी छत्रीसारखा पसरणारा अंब्रेला धबधबा. उंची फुटांत की मीटरमध्ये, हेही पाहावं. अलाबामाचे १३७ फूट कोणी १३७ मीटर समजून उतरवले की चूक तिप्पट होते.

भंडारदऱ्याच्या जलाशयाचं तर उलटं झालं आहे. त्याचं इंग्रज काळातलं नाव लेक आर्थर हिल, हे पाटबंधारे खात्यातले अभियंता आर्थर हिल यांच्यावरून. लोकांनी, आणि पुढे पर्यटनाच्या पाट्यांनी, आडनाव कापून नुसतं आर्थर लेक ठेवलं. आता वाचणाऱ्याला वाटतं की आर्थर हे कुणा गव्हर्नरचं आडनाव, कारण जॉर्ज आर्थर नावाचे गव्हर्नर १८४२ ते १८४६ मध्ये खरोखर होऊन गेले. महाबळेश्वरच्या आर्थर सीटबद्दलही हाच घोळ: एक दावा त्याच जॉर्ज आर्थर यांचा, दुसरा तिथे घर बांधणाऱ्या आर्थर मॅलेट यांचा. एकाचं आडनाव आर्थर, दुसऱ्याचं पहिलं नाव आर्थर. मला भंडारदऱ्याच्या बाबतीत जास्त वाईट वाटतं ते हे की फीत कापणाऱ्या गव्हर्नरचं आडनाव धरणावर अखंड राहिलं, आणि अभियंत्याचं अर्धं नाव गळून ओळखच पुसली गेली.

विल्सन पॉइंटबद्दल. हे महाबळेश्वरचं सर्वांत उंच ठिकाण, सुमारे १४३९ मीटर. जुनं नाव सिंदोळा. पर्यटनाच्या बऱ्याच माहितीत लेस्ली विल्सन १९२३ ते १९२६ गव्हर्नर होते असं छापलेलं असतं. ते डिसेंबर १९२८ पर्यंत होते. त्यांच्या जागी फ्रेडरिक साइक्स आले. १९२६ हा आकडा बहुधा धरणाच्या उद्घाटनावरून घुसला आणि एकमेकांचं पाहून सगळ्यांनी उतरवला. आणि साइक्स म्हटलं की पुन्हा तेच: दख्खनची आकडेवारी गोळा करणारे आणि ज्यांच्या नावानं एक चंडोल ओळखला जातो ते कर्नल विल्यम हेन्री साइक्स शंभर वर्षं आधीचे.

यावर आक्षेप येतो की हे सगळे राज्यकर्ते परकीय, त्यांची नावं इतक्या काळजीनं जपायची गरज काय. मी हा आक्षेप गंभीरपणे घेतो, पण त्याचा निष्कर्ष उलटा निघतो. ज्याला जाब विचारायचा त्याचं नाव तर जास्तच नेमकं हवं. जॉन विल्सन यांनी हिंदू धर्मावर जाहीर टीका केली, मोरभट दांडेकरांशी त्यांचा १८३१ मध्ये वाद झाला, दोन्ही बाजूंनी पुस्तकं निघाली. त्याच जॉन विल्सन यांनी लेणी-शिलालेखांच्या नोंदींसाठी नेमलेल्या मुंबईच्या समितीचं अध्यक्षपद सांभाळलं. सतीबंदीचा कायदा करू नये असा सल्ला देणारे विल्सन हे नव्हेत, ते कलकत्त्याचे होरेस. प्राप्तिकर लादणारे जेम्स. प्रत्येकाचा बरा-वाईट हिशेब ज्याच्या त्याच्या खात्यावर गेला पाहिजे. सगळ्यांना ‘विल्सन’ म्हणून एका गोणीत भरलं की ना टीका नेम धरते ना कृतज्ञता. नामांतराचंही तसंच. २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं प्रभादेवी झालं. ते नाव १८५३ ते १८६० चे गव्हर्नर जॉन, लॉर्ड एल्फिन्स्टन यांचं. एल्फिन्स्टन कॉलेजचं नाव त्यांचे चुलते आणि १८१९ ते १८२७ चे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचं. शिक्षणाचा पाया घालणाऱ्या एल्फिन्स्टनचं नाव स्टेशनवरून का काढता असा प्रश्न कोणी केला, तर तो चुकीच्या माणसाबद्दल केलेला आहे. नाव ठेवा किंवा बदला, दोन्हींसाठी आधी माणूस ठरवा.

आडनाव आणखी एक काम करतं, ते म्हणजे बाईला गिळतं. मुंबईत मुलींच्या शाळा सुरू करण्याचं काम जॉन विल्सन यांच्या पत्नी मार्गारेट बेन विल्सन यांनी १८२९ नंतर हाती घेतलं. गावदेवीच्या सेंट कोलंबा शाळेची परंपरा त्यांच्यापर्यंत जाते. त्या १८३५ मध्येच वारल्या. ‘विल्सन यांनी मुलींसाठी शाळा काढली’ हे वाक्य मराठीत लिहिलं की ते आपोआप नवऱ्याचं होतं. बरं, ‘मिसेस विल्सन’ लिहिल्यानंही सुटका नाही, कारण जॉन विल्सन यांनी पुढे दुसरं लग्न केलं आणि इझाबेला याही मिसेस विल्सन झाल्या. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात महाराष्ट्र स्वतःला पुढारलेला मानतो, तर त्या इतिहासात मार्गारेटचं नाव मार्गारेट म्हणून आलं पाहिजे.

आणि उलट बाजूनं, विल्सन हे दर वेळी आडनाव असतंच असंही नाही. वसईत, गोव्यात, केरळात ते मुलाचं नाव म्हणून ठेवतात. सफाई कर्मचारी आंदोलनाचे बेझवाडा विल्सन, ज्यांना २०१६ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यांचं स्वतःचं नाव विल्सन आहे आणि बेझवाडा हे घराण्याचं. संदर्भसूचीत ‘विल्सन, बेझवाडा’ असं यांत्रिकपणे उलटवलं की ते चुकतं. यादी करणाऱ्यानं दर नावाला थांबून हे पाहायला हवं. संगणकाला ते कळत नाही.

प्रत्यक्षात करायचं काय, तर फार काही अवघड नाही. एखाद्या जागेचं नाव कुणाचं हे ठरवताना आधी ते नाव कागदावर पहिल्यांदा केव्हा दिसतं ते शोधावं. सातारा जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरमध्ये विल्सन पॉइंट सापडणार नाही, सिंदोळा सापडेल. एवढ्यानेच १८७५ मध्ये वारलेल्या मिशनऱ्याचा दावा मोडतो. मग त्या वर्षांत त्या पदावर कोण होतं ते पाहावं. कोनशिला असेल तर तिचा मजकूर आद्याक्षरांसकट उतरवून घ्यावा, कारण नंतरच्या रंगकामात पहिली अक्षरं बुजतात ती हीच. शेवटी सरकारी ठराव. मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचे जुने खंड राज्य पुराभिलेखागारात आहेत, आणि ते काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. कुणाच्या सांगण्यावरून, दोन पर्यटन पुस्तिकांच्या सारखेपणावरून काही ठरवू नये, त्या बहुतेक एकमेकींवरून उतरवलेल्या असतात.

पाटीचा मजकूर तर चार ओळींत बसतो. महाबळेश्वरला असा लिहिता येईल: ‘विल्सन पॉइंट. मूळ नाव सिंदोळा. उंची १४३९ मीटर. सर लेस्ली ऑर्म विल्सन (१८७६–१९५५), मुंबईचे गव्हर्नर, १९२३–१९२८.’ मूळ नाव आधी, माणूस नंतर. भंडारदऱ्याला धरणाचं बांधकाम १९१०–१९२६, उंची, नदी, मग लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन, आणि त्याच आकाराच्या अक्षरांत आर्थर हिल, अभियंता. गिरगावच्या कॉलेजचं काम सगळ्यात सोपं आहे. ते चालवणाऱ्या संस्थेचं नावच जॉन विल्सन एज्युकेशन सोसायटी आहे. बातमीत आणि पाठ्यपुस्तकात तेवढा एक ‘जॉन’ आणि १८०४–१८७५ ही वर्षं आली की पुरे.